जाताना दरी डावीकडे

मी त्याच्या हातात माझा इकामा ठेवला आणि त्याने माझ्या हातात त्याच्या बायकामुलांचा फोटो. आमची ओळख अशी झाली. चूक नेहमीप्रमाणे माझी होती.

सौदीत राहिलेल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. इकामा म्हणजे तिथे राहायची परवानगी. त्या काळी ते छोटंसं पुस्तक असायचं, आत आपला फोटो, असा की आपल्यालाच आपली शंका यावी. ते सतत जवळ बाळगायचं आणि कुणीही गणवेशातला माणूस समोर आला की विचारायच्या आत काढून द्यायचं. आठ वर्षांत माझा हात इतका तयार झाला होता की एकदा खमीस मुशैतच्या बाजारात कबाबवाल्याच्या खाकी शर्टालाही मी इकामा दाखवला होता. त्याने तो बघितला आणि कबाब दिले.

तर कुवेतवर हल्ला झाला त्या वर्षीचा ऑक्टोबर असेल. शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, आम्ही तिघं कड्यावर गेलो होतो. तिघं म्हणजे मी, माझी बायको शैला आणि नऊ वर्षांची मधुरा. मी खमीसच्या इस्पितळात क्ष-किरण विभागात होतो. गावापासून तासाभरावर, अभाच्या पुढे, डोंगर एकदम तुटतो आणि खाली खोल दरी दिसते. धुकं असतं, थंडी असते, आणि माकडं असतात. मोठी, करड्या आयाळीची, माणसाच्या डब्यावर वारसाहक्क सांगणारी माकडं.

चटईवर पुऱ्या-भाजी मांडून मी पहिली पुरी उचलली, तोच शेजारी लष्करी बूट येऊन थांबले. मी वर न बघताच उजव्या हातात पुरी धरून डाव्या हाताने इकामा पुढे केला.

बूटवाल्याने तो घेतला, उघडला, फोटो नीट पाहिला. मग अगदी आदराने म्हणाला, "छान आलाय तुमचा फोटो, सर."

मी वर पाहिलं. चाळिशीचा गोरा माणूस, केस इतके बारीक कापलेले की टाळू उन्हात लाल झालेली. त्याने इकामा परत दिला, आणि आपल्या शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक फोटो काढून माझ्या हातात ठेवला. बिचाऱ्याला वाटलं, इथली रीतच अशी असेल. आधी फोटो दाखवायचे, मग बोलायचं.

"हे माझे," तो म्हणाला. "आणि सर, मी रस्ता चुकलोय."

शैला पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते.

*

त्या फोटोत एक मोहरीच्या रंगाची जुनी व्हॅन होती. तिच्यापुढे एक हसरी बाई, एक दाढीचे चार केस आलेला मुलगा, आणि तिसरं कुणीतरी, ज्याच्या तोंडापुढे भला मोठा नकाशा उघडलेला. नकाशाखाली दोन पाय आणि वर वेणीचं टोक.

"ही माझी मुलगी," तो म्हणाला. "गाडीत रस्ता हीच सांगते. मला दिशा कळत नाहीत. बायकोला कळतात, पण ती झोपते."

तो अमेरिकन वायुदलात होता. घर जर्मनीत, तिथल्या तळावर. तिथून त्याला इकडे पाठवलं होतं. इथे काय काम करतो हे त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. परदेशात राहून मी शिकलेली ही एकच शहाणी गोष्ट. त्याचं नावही मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात तो 'फोटो अंकल' होता आणि मधुरासाठी अजून तोच आहे.

महिन्यातून एखाद्या शुक्रवारी त्याला सुट्टी मिळायची. तो तळावरची गाडी घेऊन कड्यावर यायचा. एकट्याला सोडत नसत, म्हणून बरोबर एक जोडीदार असायचा. तो सूर्य मावळेपर्यंत गाडीत झोपायचा. त्याचा चेहरा मी पाहिल्याचं आठवत नाही. तळवे मात्र ओळखीचे झाले होते, खिडकीतून बाहेर आलेले.

फोटो अंकल आमच्या चटईपासून चार हात लांब, दगडावर बसायचा. बायामाणसं असलेल्या चटईवर परक्याने बसायचं नाही हे त्याला कुणी सांगितलं होतं की आपोआप कळलं होतं, कोण जाणे. मी त्याला 'सर' म्हणायचो, तो मला 'सर' म्हणायचा. त्यामुळे वरचढ कोण ते शेवटपर्यंत ठरलं नाही. शैला त्याच्याशी मधुरामार्फत बोलायची. शैला मराठीत पाच वाक्यं बोलायची: "त्यांना म्हणावं, नुसत्या पुऱ्या काय खाताय, भाजी घ्या, लाजू नका, तिखट नाहीये, आणि लोणचं मात्र जपून."

मधुरा इंग्रजीत सांगायची, "मॉम सेज ईट."

*

त्याच्या सहलींच्या गोष्टी ऐकाव्यात. प्रत्येक गोष्टीत ते कुठेतरी जायला निघायचे आणि दुसरीकडे पोचायचे.

एकदा हॉलंडमधल्या पवनचक्क्या बघायला निघाले. बायको मागे झोपलेली, मुलगी तापाने आजारी म्हणून तीही झोपलेली. याने एकट्याने गाडी हाकली. दुपारी एका गावात बटाट्याचे तळलेले काप घेतले, तर दुकानदार पैसे घेईना. त्याने नाणी उलटसुलट केली, परत दिली. मग मुलगी जागी झाली, नकाशा उघडला आणि म्हणाली, "डॅड, हा देश वेगळा आहे."

"बेल्जियम!" फोटो अंकल मांडीवर थाप मारून म्हणाला. "सर, मी देश ओलांडला आणि मला कळलं नाही!"

मला तर ऐकूनच घाम फुटला. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाताना आम्हाला कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर आपण त्या देशात राहतो त्या मालकाचं, पत्र लागायचं. आणि हा माणूस बटाटे खाता खाता परदेशात गेला होता.

एकदा किल्ला बघायला निघून ते डुकरांच्या फार्मवर पोचले. ही गोष्ट त्याने आवाज खूप खाली आणून सांगितली, सौदीत आहोत म्हणून. फार्मवाल्या म्हातारीने त्यांना जेवू घातलं, मुलीने पिल्लांना नावं दिली, किल्ला राहूनच गेला. एकदा बर्फात गाडी अडकली आणि एका शेतकऱ्याच्या गोठ्यात मुक्काम केला.

प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तो दोन्ही हात पसरायचा आणि म्हणायचा, "चुकलो नाही, तर घरी जाऊन सांगायचं काय?"

आता माझी सहल कशी असायची ते सांगतो, म्हणजे तुम्हाला फरक कळेल. नऊला निघायचं. दहाला पोचायचं. अकराला जेवायचं. एकला घरी. गाडीत सुटं टायर, पाण्याचे दोन कॅन, सगळ्यांच्या कागदांच्या दोन-दोन प्रती. शैला म्हणायची, "अहो, सहलीला निघालोय की पळून?"

त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत ते इथून सुरू होतात. डिसेंबरात एकदा परतताना धुक्यात माझा फाटा चुकला. मी घाबरलो, चिडलो, शैलावर खेकसलो. गाडी एका वस्तीत जाऊन थांबली. मातीची उंच घरं, पावसाचं पाणी मातीवर पडू नये म्हणून भिंतींतून दगडी पाट्यांचे थर बाहेर काढलेले. एका म्हाताऱ्याने बसवून घेतलं, कॉफी दिली, मधुराच्या ओच्यात डाळिंबं ओतली, आणि माझा इकामा मी दोनदा पुढे केला तरी हातात घेतला नाही. परत गाडीत बसताना मधुरा म्हणाली, "बाबा, नाऊ वी हॅव समथिंग टु टेल."

पुढच्या भेटीत तिने ही गोष्ट फोटो अंकलला सांगितली. तो उठून उभा राहिला आणि त्याने मला कडक सलाम ठोकला.

*

आमचा तिघांचा एकत्र असा एकच फोटो त्या वर्षांतला आहे. तो त्याने काढलेला. कारण एरवी कॅमेऱ्यामागे मीच असायचो. शैला आधी इकडेतिकडे बघून घेत होती, कुणी ओरडणार तर नाही ना म्हणून. त्यामुळे फोटोत ती उजवीकडे बघतेय, मधुरा हसतेय, मी पोट आत ओढलंय, आणि आमच्यामागे एक माकड अख्खा डबा उचलून चाललंय. फोटो अंकलला माकड दिसत होतं. "तुम्हाला सांगितलं असतं तर फोटो बिघडला असता," तो म्हणाला. त्या दिवशी आम्ही चौघांनी मिळून एक डाळिंब खाल्लं.

*

हसरी माणसं कुठे दुखतंय ते लवकर सांगत नाहीत. एक्स-रे काढूनही दिसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

ते शैलाने काढलं. एकदा तिने मधुराला विचारायला लावलं, "तुमची मुलगी काय म्हणते? पत्र येतं का?"

त्याने खिशातला फोटो काढला, बघितला, परत ठेवला.

ऑगस्टमध्ये ते इटलीला, समुद्रावर जाणार होते. मुलीने समुद्र पाहिलेला नव्हता. तिने महिनाभर खपून नकाशावर लाल पेन्सिलीने रस्ता आखला होता, कुठे थांबायचं, कुठे जेवायचं, बाबा कुठे चुकण्याची शक्यता आहे त्या जागी फुल्या. व्हॅन भरून झाली आणि फोन आला. सुट्टी रद्द. मुलगी व्हॅनमधून उतरली, नकाशाची नीट घडी घातली, कपाटात ठेवली. रडली नाही, भांडली नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललीच नाही. निघाला तेव्हाही नाही. आठवड्यातून एकदा तो रांगेत उभा राहून घरी फोन लावायचा. बायको बोलायची, मुलगा बोलायचा. मुलगी फोनवर येत नव्हती. पत्राला उत्तर देत नव्हती.

"आणि आता," तो म्हणाला, "कधी काय सुरू होईल सांगता येत नाही." एवढंच म्हणाला. पुढचं आम्हाला कळलं. तिच्याशी बोलणं होण्याआधीच काही झालं तर, हे त्याच्या मनात होतं.

शैलाने मधुराला बाजूला सारलं आणि पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. "पत्रात तुम्ही लिहिता काय?"

"सॉरी म्हणतो. दर पत्रात."

"मग ती काय उत्तर देणार? सॉरीला ओके म्हणायचं असतं, आणि तिला ते म्हणायचं नाहीये. तुम्ही तिचं काम काढून घेतलंत. रस्ता कोण सांगतं घरात? ती ना? मग तिला नकाशा पाठवा. इथला. तुम्ही कुठे येता, काय बघता. सॉरी एकदाही लिहू नका."

त्याने खिशातला फोटो पुन्हा काढून नकाशाआडच्या वेणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, मला नकाशा काढता येत नाही."

"मला येतो," मधुरा म्हणाली.

*

जानेवारीच्या सुरुवातीचा शुक्रवार होता. आमच्या वसाहतीत तेव्हा एकच विषय: बायकामुलांना भारतात पाठवायचं की नाही. निम्मी बिऱ्हाडं रिकामी झाली होती. मीही तिकिटांचं बोलून पाहिलं होतं. शैला म्हणाली होती, "तुम्हाला एकट्याला घरचा फाटा सापडत नाही. मी जात नाही." विषय संपला होता.

तर चटईवर मोठा कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड. जागांची नावं लिहायला त्याला बंदी होती, म्हणून नावांऐवजी चित्रं. मधुराने माकड काढलं, डबा उचललेलं. मातीची घरं काढली. डाळिंब काढलं. पुरी काढली, ती सूर्यासारखी दिसत होती म्हणून तिच्यातून वाफ काढली. फोटो अंकल पोटावर पालथा पडून रंग भरत होता, जीभ बाहेर काढून.

प्रश्न दिशेचा आला. त्याला दिशा कळत नव्हत्या, मधुरा गाडीत पुस्तक वाचायची. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताठ बसलो. बारा वर्षं रोज डावं-उजवं करणारा माणूस मी. माझ्या खात्यात डावा पाय उजवा म्हणून गेला तर चुकीचा पाय कापतात.

"जाताना दरी डावीकडे," मी म्हणालो.

मधुराने बाण काढून इंग्रजीत लिहिलं, दरी डावीकडे.

"आणि येताना?"

मी डोळे मिटले, विचार केला आणि ठामपणे सांगितलं, "येताना दरी डावीकडे."

तिने तसं लिहिलं. शैलाने डबे आवरता आवरता वाकून कागद पाहिला. जरा जास्तच वेळ पाहिला. मग म्हणाली, "छान झालाय. घडी घाला आता, धुकं येतंय."

त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली, त्या फोटोच्या मागे. जाताना म्हणाला, "बरंय, सर. पुढच्या वेळी."

पुढची वेळ आली नाही. युद्ध सुरू झालं.

*

युद्धाबद्दल मला सांगण्यासारखं फार नाही. आमच्यावरून विमानं जायची, भांडी वाजायची. शाळा बंद होती. विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या होत्या, त्या मी इतक्या जोमाने लावल्या की स्वयंपाकघराचं दारही बंद झालं आणि शैलाने आतून सुरीने कापून सुटका करून घेतली. कड्यावर जाणं बंद. तरी शुक्रवारी ती पुऱ्यांची कणीक नेहमीएवढीच भिजवायची. "चार पुऱ्या उरतात," मी म्हटलं. "उरू देत," ती म्हणाली. दर विमानाला मधुरा विचारायची, "यात फोटो अंकल आहेत?" तो विमानात बसत नाही, जमिनीवर काम करतो, असं मी तिला सांगायचो. मला तरी कुठे ठाऊक होतं?

युद्ध संपलं. मार्च उजाडला. मी अंधाऱ्या खोलीत फिल्म धूत होतो. बाहेरून शिपाई ओरडला, "यल्ला, सदीक, चल मित्रा, कुणीतरी अमेरिकी आलाय."

तो बाहेर उभा होता. वाळला होता. टाळू तशीच लाल. मला बघताच त्याने शर्टाच्या खिशात हात घातला, आणि मी, देवाशपथ सांगतो, माझा इकामा काढला. दोघेही हसलो. पण त्याने फोटो नाही, कागद काढला. आमचाच नकाशा. परत आलेला.

'येताना दरी डावीकडे' याच्यावर लाल पेन्सिलीने फुली होती. शेजारी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

"डॅड, जाताना दरी डावीकडे असेल तर येताना उजवीकडेच असणार. तुम्ही परत येताना गाडी उलटी चालवली का? की तुम्ही परत आलाच नाहीत? नीट सांगा. आणि तिथून एकटे निघू नका, तुम्ही चुकाल. माकड कुणी काढलंय? छान आहे."

मी ते दोनदा वाचलं. मग माझ्या लक्षात आलं आणि कान गरम झाले. फिल्म बघताना रोगी आपल्यासमोर असतो, त्याचं डावं ते आपलं उजवं. त्यामुळे मी सगळं मनात एकदा उलटं करतो. त्या दिवशी परतीचा रस्ता उलटा केला आणि सवयीने पुन्हा एकदा उलटा केला. झालं डावं.

"सर," मी म्हटलं, "ही चूक माझी आहे. मला माफ करा."

त्याने माझा इकामा धरलेला हात दोन्ही हातांत धरला.  डोळे पुसले, कागद परत खिशात ठेवून थोपटला. मग म्हणाला, "काल फोनवर आली. वीस मिनिटं बोलली. वीस मिनिटं मला रागावली."

दारापर्यंत गेला, मागे वळला आणि हात पसरून म्हणाला, "चुकलो नाही, तर..." पुढचं त्याने माझ्यावर सोडलं. मग आमच्या इस्पितळाच्या बाहेर पडायच्या दाराऐवजी प्रसूती विभागाकडे वळला. शिपायाने त्याला परत आणलं.

तो पुन्हा दिसला नाही. त्याच आठवड्यात परत गेला असावा.

*

त्या वर्षीच्या पावसाळ्यात, म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात, खमीसला पाऊस जेमतेमच पडायचा, इस्पितळाच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत फोटो. मागे समुद्र, निळाशार. मोहरीच्या रंगाची व्हॅन, हसरी बाई, दाढीवाला मुलगा. फोटो अंकलच्या हातात नकाशा, उलटा धरलेला. आणि त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून, नकाशाकडे बोट दाखवत ओरडणारी एक मुलगी. पुढचे दोन दात मोठे, नाकावर ठिपके. तोपर्यंत आम्ही तिचा चेहरा पाहिलेला नव्हता.

मधुराने तो फोटो आमच्या माकडवाल्या फोटोशेजारी लावला. अजून तसेच आहेत, शेजारी शेजारी. आता गाडी तीच चालवते, मला मागे बसवते आणि डावं-उजवं विचारत नाही.

त्या दिवशी मात्र मी फार खुशीत होतो. शैला तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढे फेऱ्या मारत म्हणालो, "बघ, अख्ख्या आयुष्यात माझी एक चूक कामाला आली. तिथे मी बरोबर सांगितलं असतं, तर? आणि तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही!"

तिने ताटातला खडा उचलला, बाजूला टाकला.

"मला तेव्हाच दिसलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, असू दे. त्या पोरीला दुरुस्त करायला काहीतरी नको का?"